मतदारसंघाच्या वहिनी

विधानसभेच्या निवडणुकीत उमेदवाराच्या बायकोला वहिनी म्हणतात. एरवी वहिनी व्हायला दीर किंवा नणंद लागते. इथे मतदार यादीत नाव असलेला कोणीही चालतो. नायगाव मतदारसंघात नायगाव, उमरी आणि धर्माबाद हे तीन तालुके येतात, त्यामुळे तिकीट जाहीर झालं की एका बाईला एका रात्रीत तीन तालुक्यांचे दीर मिळतात. उमेदवार 'दादा' किंवा 'भाऊ' असेल तर ती वहिनी, 'काका' असेल तर काकू, आणि 'साहेब' असेल तर मॅडम. मॅडम सहसा गाडीतून उतरत नाहीत, काच खाली करून हात जोडतात. त्यामुळे त्यांच्याविषयी फारशी माहिती मिळत नाही आणि हा लेख मुख्यतः पायी चालणाऱ्या वहिनींविषयी आहे. मुस्लिम मोहल्ल्यात याच वहिनींची भाभी होते, आणि धर्माबादच्या अंगाला, तेलंगणाच्या हद्दीजवळ, वदिना. मोठ्या भावाच्या बायकोला तेलुगूत वदिनाच म्हणतात. उमरीहून गेलेल्या वहिनींना तिकडच्या बोलण्यातला हा एक शब्द तरी दुभाष्याशिवाय समजतो.

प्रचारात उमेदवार बोलतो आणि वहिनी दिसतात. उमेदवाराचं भाषण लोक ऐकतात, निदान जेवण होईपर्यंत बसतात तरी. वहिनींना मात्र लोक पाहतात, आणि हे पाहणं मराठवाड्याला नवं नाही. मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमात जे जे तपासलं जातं, ते सगळं इथे पुन्हा तपासलं जातं: चाल कशी, पदर कसा, बोलते की नुसतीच हसते, चहा पिते का, आणि माहेर कुठलं. लग्नाच्या वेळी पाहायला आलेले पाच-सात जण पोहे खाऊन गेले होते आणि आठ दिवसांत होकार कळवून मोकळे झाले होते. आता पाहणारे तीन लाखांच्या घरात असतात, पोहे तेच खाऊ घालतात, आणि निकाल मतमोजणीपर्यंत कळवत नाहीत. शिवाय पहिल्या वेळी वय वीस-बावीस होतं. या खेपेला गुडघे दुखत असतात.

पाहण्याचा पहिला भाग कागदावर होतो. अर्ज भरायच्या दिवशी सकाळी वहिनी दारात उमेदवाराला ओवाळतात, त्याचा फोटो निघतो, मग उमेदवार गोरट्याला दासगणू महाराजांचं दर्शन घेऊन किंवा गावच्या मारुतीला नारळ फोडून मिरवणुकीने निघतो. हा देखावा सगळे बघतात. खरी गोष्ट त्याच्या बगलेतल्या फायलीत असते. नमुना २६ नावाच्या शपथपत्रात उमेदवाराला स्वतःची मालमत्ता लिहावी लागते, आणि शेजारच्या रकान्यात पत्नीची. तिचं उत्पन्न, तिच्या बँकेतल्या ठेवी, तिच्या नावावरची जमीन, तिच्यावरचं कर्ज आणि तिचे दागिने, तेही वजन आणि किमतीसकट. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांनंतर हे बंधनकारक झालं. मतदाराला माहिती असावी हा त्यामागचा उद्देश होता. नणंदेलाही ती मिळेल, याचा विचार त्या वेळी झालेला दिसत नाही.

लग्नात माहेरून किती तोळे आले, हा मराठवाड्यातल्या बऱ्याच घरांत कायमचा वादग्रस्त विषय असतो. माहेरचे एक आकडा सांगतात, सासरचे त्याच्या निम्मा, आणि दोन्ही पक्ष साक्षीदार बाळगून असतात. शपथपत्राने हा वाद एका दिवसात मिटतो, कारण खोटं लिहिलं तर खटला होतो. दुसऱ्या दिवशी पेपरात चौकट येते: पतीपेक्षा पत्नी श्रीमंत. उमेदवार ही चौकट हसण्यावारी नेतो. जाऊबाई ती कात्रीने कापून ठेवतात. उमरीच्या लोकांना अशा हिशेबांची उत्सुकता जुनीच आहे. हैदराबाद मुक्तिसंग्रामात, १९४८ साली, स्वातंत्र्यसैनिकांनी इथली बँक लुटली होती, आणि तिजोरीतून नेमके किती निघाले याची चर्चा नंतर बरीच वर्षं पारावर चालली असल्यास नवल नाही. वहिनींच्या दागिन्यांची चर्चा त्या मानाने लवकर आटोपते. साधारण दोन पंचवार्षिक.

कागदावरची पाहणी झाली की गल्लीतली सुरू होते. २०२४ ची विधानसभा उदाहरणादाखल घेता येईल. २९ ऑक्टोबरला अर्ज भरायची मुदत संपली, ४ नोव्हेंबरला माघारीची, आणि मतदान २० नोव्हेंबरला होतं. मतदानाच्या आधीचे अठ्ठेचाळीस तास प्रचार बंद असतो, म्हणजे चिन्ह हातात पडल्यावर चालायला मिळाले ते दोन आठवडे. एवढ्या दिवसांत तीन तालुके. उमेदवार एकटा पुरत नाही, म्हणून काम वाटून घेतात: सभा त्याच्या, गल्ल्या वहिनींच्या. सभेला खुर्च्या असतात. गल्लीला नाली असते.

नोव्हेंबरात बायका घरी नसतात, ही वहिनींची पहिली अडचण. सोयाबीनचं खळं आवरत आलेलं असतं, पण कापूस वेचायला आलेला असतो. सकाळी आठ-नऊला भाकर बांधून बायका रानात जातात त्या दिवस मावळता येतात. म्हणून वहिनींनी एकतर सकाळी सातला दारात उभं राहायचं, जेव्हा घरात चूल, आंघोळी आणि शाळेची पोरं असा सगळा गोंधळ असतो आणि दारात उमेदवाराची बायको ही शेवटची हवी असलेली वस्तू असते. किंवा संध्याकाळी सहानंतर, जेव्हा सगळ्यांच्या पाठी मोडलेल्या असतात. किंवा मग बांधावर जायचं. बांधावर गेलं तर वेगळीच पंचाईत. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. हात थांबला की पैसे थांबतात. त्यामुळे बाई वेचता वेचता ऐकते, ओळीने पुढे सरकते, आणि वहिनी पऱ्हाटीतून पदर सोडवत मागून जातात. अनुभवी वहिनी अशा वेळी स्वतःही चार बोंडं वेचतात आणि त्या बाईच्या ओटीत टाकतात. लगेच सोबतचा पुतण्या फोटो काढतो. फोटो निघाल्यावर वहिनींनी आणखी किती बोंडं वेचली, यावर त्या रानातली मतं ठरतात असं जाणकार सांगतात. पाचवं बोंड महत्त्वाचं.

साडीचा प्रश्न निवडणूक आयोगाच्या कुठल्याही पुस्तिकेत नाही, पण प्रत्येक वहिनीला तो सोडवावा लागतो. भारी साडी नेसली तर 'आमच्याच पैशाची हाय'. अगदी साधी नेसली तर 'बघा कसं नाटक करलाल्यात'. तोडगा म्हणून काठपदराची सुती साडी, गळ्यात मंगळसूत्र, हातात मोजक्या बांगड्या. शपथपत्रात तोळ्यांनी दागिने लिहिलेली बाई गल्लीत अशी लंकेची पार्वती होऊन येते. बायकांनी चौकट वाचलेली असते. त्यांची नजर गळ्यावरून हातावर जाते, हातावरून कानावर, आणि मनातल्या मनात बाकीचे तोळे कुठं असतील याचा अंदाज बांधते. तोंडाने मात्र 'या वैनी, बसा की' एवढंच येतं.

बसलं की चहा. या चहाविषयी जरा विस्ताराने लिहायला हवं, कारण प्रचारातला सगळ्यात अवघड भाग हाच आहे. उमरीतली कुठलीही गल्ली घ्यावी, स्टेशनकडची म्हणा. वीस घरं आहेत. पहिल्या घरी चहा येतो, दुधाळ आणि साखर सढळ. तो घेतला. दुसऱ्या घरच्या बाईने आपल्या खिडकीतून पाहिलेलं असतं की पहिल्या घरी घेतला. म्हणजे दुसरीकडे घ्यावा लागतो. तिसऱ्या घरी वहिनी हात जोडतात: 'आत्ताच झाला हो.' घरधनीण पातेलं हातात धरून उभी राहते. 'त्यांच्याकडचा चालला, आमच्याकडं काय इख हाय का?' प्रश्न विनोदाने विचारलेला असतो. पण ज्या गल्लीत कोणाचं पाणी कोण पितं हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या गंभीरपणे विचारला गेला, तिथे तो पूर्ण विनोद कधीच नसतो, आणि हे वहिनींना ठाऊक असतं. त्या कप घेतात. 'डॉक्टरांनी साखर बंद केलीय' हे उत्तर चौथ्या घरी वापरून पाहतात. पाचव्या घरातून मुद्दाम बिनसाखरेचा येतो. आता तो तर घ्यावाच लागतो, कारण तो खास त्यांच्यासाठी केलेला असतो. सहाव्या घरी चहाबरोबर सुशील्याची ताटली येते, सातव्या घरी भजे. अर्धा कप सांगितला तर पूर्ण येतो आणि पूर्ण सांगितला तर उतू जाईस्तोवर. वीस घरांत अकरा कप ही सरासरी मानायला हरकत नाही. ही मोजणी मात्र कोणी केलेली नाही, फक्त वहिनींच्या पोटाने केली आहे.

आता हिशेबाची बाजू. विधानसभेच्या उमेदवाराला चाळीस लाखांपर्यंत खर्च करता येतो, आणि जिल्हा निवडणूक अधिकारी दरपत्रक काढतात: चहा, नाश्ता, हार, खुर्ची, मंडप, प्रत्येकाचा दर ठरलेला. उमेदवाराने कार्यकर्त्याला पाजलेला चहा त्याच्या खर्चात धरतात. मतदाराने वहिनींना पाजलेले अकरा कप कुठेच धरत नाहीत. लोकशाहीतला हा एवढाच खर्च मतदाराने उमेदवारावर केलेला असतो आणि त्याची कुठे पावती नसते.

उमेदवाराच्या बायकोची परीक्षा स्वयंपाकघरात घेण्याची पद्धत फक्त आपल्याकडे आहे असं समजायचं कारण नाही. अमेरिकेत १९९२ साली हिलरी क्लिंटन यांनी, मी घरी बसून बिस्किटं भाजत आणि चहापाणी करत राहू शकले असते, अशा अर्थाचं काहीतरी म्हटलं आणि गदारोळ उडाला. त्यावर 'फॅमिली सर्कल' नावाच्या मासिकाने दोन्ही उमेदवारांच्या बायकांच्या कुकीजची स्पर्धाच लावली, आणि पुढे दर चार वर्षांनी ती होत राहिली. तिकडे निदान वहिनी करतात आणि मतदार खातात. उमरीला उलट आहे, आणि उलट्या बाजूने ते जास्त अवघड आहे.

चहा चालू असताना प्रश्न सुरू होतात. उमेदवाराला सभेत कोणी प्रश्न विचारत नाही. विचारलाच तर माइक बंद पडतो. वहिनी मात्र पाटावर बसलेल्या असतात, हातात कप असतो, उठून जाता येत नाही. २०२४ ला सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारात त्याच्या कितीतरी खाली विकावं लागत होतं. सरकारी आकडा एक, मोंढ्यातला दुसरा, यातला फरक कुठं जातो, हे बायका वहिनींना विचारत. लाडकी बहीण योजना त्याच वर्षी जुलैत सुरू झाली होती, महिन्याला दीड हजार. ज्यांना हप्ते मिळाले त्या गप्प असत. ज्यांचं आधार बँकेला जोडलेलं नव्हतं त्या सगळ्या आपापलं पासबुक घेऊन येत, मग वहिनी सत्ताधारी पक्षाच्या असोत की विरोधी. विरोधी पक्षाच्या वहिनींची यात विशेष ओढाताण होई. योजना निवडणुकीसाठी आणली असं नवऱ्याने सकाळच्या सभेत सांगितलेलं असे आणि दुपारी त्याच योजनेचा अर्ज दुरुस्त करून द्यायला वहिनी बसलेल्या असत.

सगळ्या प्रश्नांना वहिनींकडे एकच उत्तर असतं: 'सांगते ह्यांना.' हे उत्तर निर्दोष आहे. त्यात आश्वासन नाही, नकार नाही, आणि वीस वर्षांच्या संसारात ते पूर्णपणे सिद्ध झालेलं आहे. बायकांनाही ते पटतं, कारण त्यांच्या घरीही 'ह्यांना' सांगून काय होतं हे त्यांना माहीत असतं.

पण 'ह्यांना' या शब्दाने एक मोठी अडचण उभी राहते. मराठी बाईने नवऱ्याचं नाव घेऊ नये असा रिवाज, आणि मतदान यंत्रावर 'ह्यांना' नावाचं बटण नसतं. तिथे पूर्ण नाव असतं, २०१५ नंतर फोटोही असतो. वहिनींना ते नाव, वडिलांच्या नावासकट आणि आडनावासकट, चिन्हासह आणि अनुक्रमांकासह, दिवसातून शंभरदा घ्यावं लागतं. पहिल्या दिवशी जीभ अडखळते. सोबतच्या बायका हसतात. मग कोणीतरी आजी म्हणते, 'उखाण्यात घ्या की.' आणि वहिनी घेतात: गाडी गेली नांदेडला, मागं राहिली उमरी, अमुकरावांचं नाव आहे तिसऱ्या नंबरावरी. भाषण विसरलं जातं, हा उखाणा गावभर होतो. आठव्या दिवसापर्यंत वहिनी नवऱ्याचं नाव इतकं सराईतपणे घेऊ लागतात की घरीही तोंडातून तेच येतं, आणि सासूबाई पहिल्यांदा या निवडणुकीला विरोध दर्शवतात.

उखाण्याची ही ताकद राजकारण्यांच्या लक्षात आधीच आली होती. 'होम मिनिस्टर' हा पैठणीचा खेळ झी मराठीवर २००४ साली सुरू झाला आणि बघता बघता गावोगाव त्याच्या नकला निघाल्या. आता आचारसंहिता लागायच्या आधीच्या संक्रांतीला किंवा श्रावणात, इच्छुकाच्या वहिनींनी भरवलेला खेळ पैठणीचा झाला नाही असा तालुका सापडणं कठीण. बायका संगीत खुर्ची खेळतात, फुगे फोडतात, उखाणे घेतात, एकीला पैठणी आणि सगळ्यांना डबा मिळतो. मूळ कार्यक्रमाचे 'भावोजी' आदेश बांदेकर २००९ मध्ये माहीममधून शिवसेनेतर्फे स्वतः उभे राहिले होते आणि पडले. पैठणी दिली म्हणजे मत मिळतंच असं नाही, हे तेव्हाच दिसलं होतं. तरी डबे वाटले जातातच.

आचारसंहिता लागल्यावर डबे बंद होतात आणि औक्षण सुरू होतं. दारात बाई ताट घेऊन उभी असते: निरांजन, सुपारी, कुंकू. ती वहिनींना ओवाळते, उमेदवार सोबत असला तर त्यालाही. ओवाळल्यावर ताटात काहीतरी टाकायचं हे दूध पिण्याइतकं जुनं आहे. पण मतदाराच्या ताटात उमेदवाराने नोट टाकली तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या नजरेत ती लाच ठरू शकते, आणि समोरच्या पक्षाचा एक पोरगा भिंतीआड मोबाइल धरून याच क्षणासाठी उभा असतो. नोट टाकली तर गुन्हा, न टाकली तर चिक्कू. काही वहिनी यावर ताटातले चार तांदळाचे दाणे उचलून ओवाळणाऱ्या बाईच्याच डोक्यावर टाकतात आणि तिच्या पाया पडतात. बाई लाजते, ताटाचा विषय मागे पडतो. अशी हातोटी शिकवून येत नाही.

त्याहून अवघड प्रसंग कुंकवाच्या करंड्याचा. दारातल्या पाच बायकांना वहिनी कुंकू लावत जातात आणि सहावी चौकटीच्या आत, अंधारात उभी असते. नवरा गेलेला. मराठवाड्यातल्या गावांत तो कसा गेला हे विचारायचं नसतं. करंडा घेऊन तिच्यापर्यंत जायचं की पाचवीपाशी थांबायचं? कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंदीचा ठराव केला आणि राज्य सरकारने बाकीच्या गावांनाही तसं करायला सांगितलं, पण ठराव दारापर्यंत पोचायला वेळ लागतो. काही वहिनी थांबतात, नजर चुकवतात आणि पुढच्या घरी वळतात. एखादी आत जाते, तिच्या कपाळाला बोट लावते आणि काही न बोलता बाहेर येते. सोबतच्या बायकांत अर्धा मिनिट शांतता पसरते. संध्याकाळी त्या गल्लीत उमेदवाराच्या भाषणाची चर्चा नसते.

वहिनींच्या सोबत कोण असतं, हे थोडक्यात सांगता येईल. महिला आघाडीच्या तालुकाध्यक्ष पुढे, कारण रस्ता त्यांना माहीत. पुतण्या मोबाइल घेऊन आडवा. एक मुलगी पत्रकं वाटते. मागे नणंद, जी नुसती पाहते.

आता उलटा प्रकार. उमेदवार बाई असेल तर ती ताई होते, आणि ताईचा नवरा सगळ्या मतदारसंघाचा दाजी. दाजी या नात्याची मराठीत काय किंमत आहे हे सांगायला नको. दाजीची थट्टा करायचा हक्क मेहुण्याला जन्मतः मिळतो. तरीही प्रचारात दाजींना कोणी पाहत नाही. त्यांची चाल, त्यांचा सदरा, त्यांनी चहा पूर्ण प्यायला की अर्धा, याकडे कोणाचंच लक्ष नसतं. ते गाडीत पुढच्या सीटवर बसतात, ताई मागे. महाराष्ट्राने १९९० मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांत बायकांना तीस टक्के जागा राखल्या, घटनादुरुस्तीने १९९३ मध्ये त्या एक तृतीयांश झाल्या आणि २०११ पासून निम्म्या. तेव्हापासून गावागावांत सरपंचपती नावाचं पद तयार झालं आहे. त्याचा उल्लेख कायद्यात नाही, मानधन नाही, पण लेटरहेडचा गठ्ठा त्यांच्याकडेच असतो.

विधानसभेच्या पातळीवर नांदेड जिल्ह्याने या प्रकारात चांगलं वैविध्य दाखवलं आहे. उमरीला लागून असलेल्या भोकरमध्ये, २०१४ च्या मे महिन्यात अशोक चव्हाण लोकसभेवर निवडून गेले आणि ऑक्टोबरात त्यांच्या पत्नी अमिता चव्हाण तिथून आमदार झाल्या. २०१९ ला ती जागा पुन्हा पतीकडे आणि २०२४ ला कन्या श्रीजया यांच्याकडे आली. तीन निवडणुकांत एकाच घरातले तिघे आमदार झाले, त्यामुळे तिथे वहिनी कोण, ताई कोण आणि साहेब कोण, हे मतदारांना दर वेळी नव्याने पाठ करावं लागलं. नायगावात २०२४ ला भाजपचे राजेश पवार यांच्यासमोर काँग्रेसच्या डॉ. मीनल पाटील खतगावकर होत्या, म्हणजे एका बाजूला वहिनी आणि दुसऱ्या बाजूला दाजी असा सामना झाला. निवडून पवार आले.

पण या विषयाचा खरा नमुना लोह्याचा आहे. श्यामसुंदर शिंदे २०१९ मध्ये शेतकरी कामगार पक्षातर्फे लोह्याचे आमदार झाले. २०२४ ला त्याच पक्षाकडून त्यांच्या पत्नी आशाताई शिंदे उभ्या राहिल्या, आणि आमदार असलेले शिंदे उमेदवाराचे यजमान झाले. समोर राष्ट्रवादीचे प्रतापराव पाटील चिखलीकर. ते आशाताईंचे भाऊ. म्हणजे मतदारसंघाचे मानलेले दाजी हे विरोधी उमेदवाराचे खरेखुरे दाजी होते. त्यात त्या वर्षी भाऊबीज ३ नोव्हेंबरला आली आणि माघारीची मुदत ४ नोव्हेंबरला दुपारी संपत होती. ओवाळणी म्हणून माघारीचा अर्ज द्यायला इतका सोयीचा मुहूर्त पुन्हा मिळणं नाही. दोघांनीही तो दवडला. चिखलीकर निवडून आले.

दाजींच्या बाबतीतही अमेरिकेची साक्ष काढता येते. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन उमेदवार झाल्या तेव्हा कुकीजच्या त्याच स्पर्धेत त्यांच्या नवऱ्याला उतरावं लागलं. क्लिंटन घराण्याकडून गेलेली पाककृती जुनीच होती, बायकोची. स्पर्धा त्याच पाककृतीने जिंकली. सरपंचपतींच्या कार्यपद्धतीशी परिचित असलेल्यांना यात काही नवल वाटणार नाही. फक्त दिशा उलटी आहे.

जोडीदाराचा प्रचारात नेमका किती उपयोग होतो, याचं उत्तर कोणाकडेच नाही. लातूर ग्रामीणमध्ये २०१९ ला धीरज देशमुख मोठ्या फरकाने निवडून आले आणि दुसऱ्या क्रमांकावर 'वरीलपैकी कोणीही नाही' हा पर्याय राहिला, सत्तावीस हजारांवर मतं घेऊन. त्या पर्यायाला बायको नाही. त्याच्यासाठी कोणी अकरा कप चहा प्यायलं नाही, उखाणा घेतला नाही, बोंडं वेचली नाहीत. तरी मैदानातल्या हाडामांसाच्या बाकी सगळ्या उमेदवारांना त्याने मागे टाकलं. याउलट, जिथे पंधरा दिवस वहिनी चालल्या आणि दादा पडले, अशी उदाहरणं प्रत्येक तालुक्यात आहेत आणि ती सांगणारेही आहेत. दादा पडले तर 'वैनी लई चांगल्या हो, पण दादाचंच जरा...' असं म्हणतात. निवडून आले तर दादांची लाट होती.

मतदानाच्या दिवशी वहिनी सकाळी सातला रांगेत पहिल्या उभ्या राहतात, कारण बोटाची शाई दाखवून फोटो काढायचा असतो. पाहणी इथे संपते. मतमोजणीला त्या बहुधा जात नाहीत. घरी देवापुढे बसतात आणि दर फेरीला आतून कोणीतरी आकडा सांगतं. निवडून आल्याचं प्रमाणपत्र उमेदवाराच्या हातात पडतं, त्यावर दुसऱ्या कोणाचं नाव लिहायला जागा नसते. मिरवणूक निघते, गुलालाने अंगण लाल होतं आणि ते दुसऱ्या दिवशी धुवावं लागतं.

मागच्या खोलीत एक पोतं उरतं. दोन आठवडे गावोगाव बायकांनी वहिनींच्या ओट्या भरलेल्या असतात, एका घरी एक खण आणि एक नारळ या हिशेबाने. खण टिकतात, ते रंगानुसार लावून कपाटात जातात आणि पुढच्या लग्नसराईत आहेर म्हणून तीन तालुक्यांत परत फिरतात. नारळांचं तसं नाही. दादा निवडून येवोत की पडोत, त्याच आठवड्यात ते फोडून, खवून, गूळ घालून त्यांच्या वड्या कराव्या लागतात, नाहीतर सडतात.